चिखल, भिंत आणि आम्ही चौघी

साडेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी आई बाथरूममध्ये घसरून पडली. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही. ती नुसती ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. तिचं वजन ५२ किलो. मला तिला उठवता आलं नाही.

दोनदा काखेत हात घालून ओढून पाहिलं. दुसऱ्या खेपेला माझ्याच कमरेत कळ आली. शेवटी खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनला बोलावून आणलं. आम्ही येईपर्यंत आईनं टॉवेल अंगावर ओढून घेतला होता. त्यानं मान दुसरीकडे वळवून, 'आजी, खांद्याला धरा' म्हणत तिला अलगद उभं केलं. त्यानंतर दिवसभर आई माझ्याशी फारसं बोलली नाही. रागावली नव्हती. तिला लाज वाटली होती, आणि मलाही.

मी तेव्हा ४६ वर्षांची होते. त्याच महिन्यात आमच्या कॉलेजच्या चौघींच्या ग्रुपवर एकीनं एक पोस्टर टाकलं. पुण्याजवळ डिसेंबरात एक शर्यत होती. चिखलातून सरपटायचं, काटेरी तारांखालून जायचं, दोरावर चढायचं, भिंती ओलांडायच्या. पोस्टरवरची सगळी माणसं पंचविशीतली, आणि त्यांच्या पोटांवर स्नायूंच्या वड्या पाडलेल्या. खाली तिनं लिहिलं होतं, 'अजून नऊ महिने आहेत. तेवढ्यात मूल होतं, आपलं हे होणार नाही?' एरवी असल्या मेसेजवर मी हसण्याचा इमोजी टाकून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी पैसे भरले.

मला कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी तिचा इतिहास वाचायची खोड आहे. पळायला जाणं टाळण्याचा हा उत्तम मार्ग आहे. वाचायला बसले ती एका साध्या प्रश्नापासून: केवळ ओलांडण्यासाठी भिंत बांधावी, हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?

* * *

एकाच माणसाच्या नव्हे. किल्ल्याच्या तटाला शिड्या लावणारं सैन्य जिथे जिथे होतं, तिथे तसला सराव होताच. पण त्याला शिक्षणाचं रूप आलं ते युरोपात, १८व्या शतकाच्या अखेरीला आणि १९व्याच्या सुरुवातीला. १८०६ साली नेपोलियननं प्रशियाचा धुव्वा उडवला. त्या पराभवाची सल मनात असलेल्या फ्रिडरिश लुडविग यान नावाच्या मास्तरानं १८११ मध्ये बर्लिनबाहेर हाझनहाइडे इथे एक उघडं मैदान सुरू केलं. चढायला खांब आणि दोर, तोल सांभाळायला ओंडके, उड्या मारायला चर. पोरं तयार करायची, कारण पुढे लढायचं आहे, असा सरळ हिशोब होता.

मग मधे एक गंमत सापडली. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांची पोहण्याची शर्यत होती, २०० मीटरची, थेट सेन नदीत. एका खांबावर चढून उतरायचं, होड्यांच्या एका रांगेवरून जायचं आणि दुसऱ्या रांगेखालून बुडी मारून निघायचं. ऑस्ट्रेलियाचा फ्रेडरिक लेन जिंकला. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधीच झाला नाही.

पण आजच्या चिखलाच्या शर्यतींचं मूळ शोधायला गेलं की पावलं एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापाशी येऊन थांबतात. त्याचं नाव जॉर्ज एबेर, जन्म १८७५चा. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावर माउंट पेले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सँ-पिएर हे गजबजलेलं बंदर काही मिनिटांत भाजून निघालं. सुमारे २८ हजार माणसं मेली. आसपासच्या भागातून जिवंत माणसांना हलवण्याच्या कामात तरुण एबेरचा मोठा वाटा होता, असं सांगितलं जातं. त्या अनुभवातून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे नुसतं बळकट शरीर पुरेसं नाही. ऐन वेळी दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची हिंमत आणि सवयही त्यासोबत हवी. पुढे त्याचं ब्रीदवाक्यच झालं: उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हा.

सफरींवर त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती. आफ्रिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या स्थानिक लोकांची शरीरं चिवट, लवचिक, डौलदार होती, आणि त्यांना कुणी कवायत शिकवलेली नव्हती. चालणं, चढणं, वाहून नेणं हेच त्यांचं रोजचं जगणं होतं. फ्रान्सला परतल्यावर लोरियाँच्या नौदल शाळेत त्यानं याच हालचालींची पद्धत बसवली. तिचे १० गट होते: चालणं, धावणं, उडी, हातापायांवर चालणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. या सगळ्या एकामागून एक करता याव्यात म्हणून त्यानं अडथळ्यांचा मार्ग आखला. फ्रेंच सैन्यानं तो उचलला. सैनिकी अडथळ्यांच्या त्या मार्गाला फ्रेंचमध्ये 'पार्कूर द्यु काँबातां' म्हणतात. इमारतींवरून उड्या मारणाऱ्या पोरांचे जे रील तुम्ही बघता, त्या पार्कूरचं नाव इथूनच आलं.

एबेरनं १९१९ मध्ये स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणावरही पुस्तक लिहिलं, त्यांच्यासाठी शाळा काढली. आणि गंमत म्हणजे त्याला स्पर्धा मुळीच आवडत नसत. स्पर्धात्मक खेळ हा शारीरिक शिक्षणाचा शत्रू आहे, असं तो १९२५ मध्ये पुस्तक लिहून सांगत होता. आमच्या पोस्टरवरची टाइम-चिप आणि मेडल बघून तो वैतागलाच असता.

* * *

तयारीला आम्ही टेकडीवर जाऊ लागलो. आमच्यात एक डॉक्टर आहे, एक गणिताची शिक्षिका, एक बँकेतली आणि मी. टेकडीवर रोज येणारे एक निवृत्त सुभेदार होते, सातारकडचे. पहिले चार दिवस त्यांनी आमचा तमाशा लांबून पाहिला. पाचव्या दिवशी राहवलं नाही. "म्याडम, असं न्हाई. गुडघं मोडतील." तेव्हापासून ते आमचे गुरुजी.

पहिल्याच दिवशी त्यांनी झाडाच्या आडव्या फांदीला लोंबकळायला लावलं. मी ७ सेकंदांत खाली आले. बँकेतली १५ सेकंद टिकली आणि दिवसभर त्याबद्दल बोलत राहिली. अडथळ्यांच्या शर्यतीत पाय नंतर थकतात, हाताची पकड आधी सुटते. म्हणून लोंबकळणं. म्हणूनच पाण्याचे २०-२० लिटरचे जार दोन्ही हातांत धरून चालणं, दप्तरात तांदूळ भरून सिंहगड चढणं, आणि बर्पी.

बर्पीवर मी स्वतंत्र निबंध लिहू शकेन, इतका तिचा राग राग केला आहे. तुमच्या जिममध्ये ट्रेनर बर्पी मारायला लावतो, ती एका माणसाच्या आडनावावरून आली आहे. रॉयल हडलस्टन बर्पी हे अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. १९३०च्या दशकात त्यांनी प्रकृतीची चटकन चाचणी घेण्यासाठी चार अंकांची एक हालचाल बसवली: खाली बसायचं, पाय मागे टाकायचे, पाय पुढे आणायचे, उभं राहायचं. ती मोजकीच वेळा करायची आणि आधी-नंतरची नाडी मोजायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं भरतीसाठी ती वापरली, आणि पुढे कुणीतरी तिच्यात जोर आणि उडी घुसवली. स्पार्टन रेसमध्ये तर अडथळा चुकला की ३० बर्पी, ही कित्येक वर्षं शिक्षाच होती.

सुभेदारांनी पहिल्यांदा बर्पी पाहिली तेव्हा म्हणाले, "हे तर आपलंच की. जोर मारा, उभं ऱ्हावा." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बर्पीसाहेब चाचणी बसवत होते त्याच्या थोडं आधी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. स्वतः रोज घालत, संस्थानातल्या शाळांमधून मुलांना घालायला लावत. १९२८ मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढलं. दोन्हीकडे तेच शरीर, तेच वाकणं आणि उठणं. एकीकडे आधी-नंतर नाडी मोजत, दुसरीकडे सूर्याची नावं घेत.

अडथळे ओलांडायचं आपलं शिक्षण मात्र त्याहून जुनं आहे. मल्लखांबाचा उल्लेख १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. मागे पडलेल्या या विद्येला १९व्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभं केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू भारतीय व्यायामप्रकार दाखवायला गेला होता. हाझनहाइडेवर याननं खांब रोवले, त्याच बर्लिनमध्ये १२५ वर्षांनी आपली पोरं जाऊन आली.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि मुली काय करत होत्या तेव्हा?"

* * *

आईचं माहेर कोकणातलं. घर वर, विहीर खाली. आठव्या वर्षापासून ती पाणी भरत होती, लग्नाआधीच्या काळात डोक्यावर एकावर एक दोन हंडे आणि कमरेला कळशी घेऊन घाटी चढत होती. एबेरच्या यादीतले चालणं, चढणं, तोल आणि उचलणं हे चार गट ती रोज चार-पाच वेळा करत होती. एबेरनं तिला पाहिलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं: काय चिवट शरीर आहे!

पण त्या शरीराची ४० वर्षांनंतरची नोंद त्यानं घेतली नसती. आईचे गुडघे त्याच घाटीनं खाल्ले. ओझं वाढत गेलं, दूध-अंडी भावांच्या ताटात गेली, आणि विसावा हा शब्द तिच्या दिवसात नव्हताच. व्यायामात ओझ्यानंतर विश्रांती येते आणि त्या विश्रांतीतच स्नायू भरून निघतो. कष्टात नुसतं ओझ्यामागून ओझं येतं. व्यायाम आणि कष्ट यांतला हा फरक मला डॉक्टर मैत्रिणीनं टेकडीवरून उतरताना समजावला.

तेव्हा एबेरचं ब्रीदवाक्य मला निम्मंच पटायला लागलं. आमच्या घरांतून मुलींना उपयोगी पडण्याचं शिक्षण भरपूर मिळतं. बळकट होण्याचं कुणी देत नाही. मी आईच्या उपयोगी पडायला सदैव तयार होते. औषधं, डॉक्टर, पथ्यपाणी सगळं माझ्याकडे होतं. बाथरूमच्या फरशीवर कमी पडली ती इच्छा नव्हती. मांड्यांत आणि पाठीत जोर नव्हता.

तिशीनंतर दर दशकाला माणसाच्या स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातं, साठीनंतर अधिक वेगानं. बायकांच्या बाबतीत पाळी जाताना हाडांची घनताही झपाट्यानं उतरते. हे वाचून मी खचले होते. मग डॉक्टरीणबाईंनी १९९०चा एक प्रसिद्ध अभ्यास पाठवला. बोस्टनमध्ये वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ग्रुपवर त्या लिंकखाली शिक्षिकेनं एवढंच लिहिलं, 'म्हणजे आपण अजून बालवर्गात.'

* * *

सैनिकांचा अडथळ्यांचा मार्ग नागरिकांच्या हौसेचा कसा झाला, हेही मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या आक्नाकॅरी इथे ब्रिटिश कमांडोंचं प्रशिक्षण केंद्र होतं. खऱ्या गोळ्या झाडल्या जात असताना भिंती चढायच्या, दोरावरून नदी ओलांडायची. तिथे शिपाई जोडीजोडीनं सराव करत. आपण आणि आपला जोडीदार, दोघं मिळून एक.

१९८७ मध्ये बिली विल्सन नावाच्या एका माजी ब्रिटिश सैनिकानं वुल्वरहॅम्प्टनजवळच्या आपल्या शेतावर ऐन जानेवारीच्या थंडीत 'टफ गाय' ही शर्यत सुरू केली. गोठलेलं पाणी, आग, चिखल, विजेचा झटका देणाऱ्या तारा. भाग घेणाऱ्यांकडून तो 'मेलो तर माझी जबाबदारी' अशा अर्थाच्या कागदावर सही घ्यायचा. २०१० मध्ये अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. स्पार्टन रेस व्हरमाँटमध्ये सुरू झाली आणि टफ मडर पेनसिल्व्हेनियात. टफ मडरचे विल डीन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकलेले. आपली कल्पना त्यांनी उचलली, असा विल्सनचा दावा होता आणि ते भांडण अखेर पैसे देऊन मिटलं. टफ मडरनं एक वेगळी गोष्ट मात्र केली. सुरुवातीला वेळच मोजायची नाही, आणि निघण्याआधी सगळ्यांनी शपथ घ्यायची की स्वतःच्या वेळेआधी सोबत्यांना मदत करू. एबेरला एवढं तरी आवडलं असतं.

हे सगळं गोड नव्हतं. २०१३ मध्ये अमेरिकेत टफ मडरच्या एका स्पर्धेत उंचावरून पाण्यात उडी मारण्याच्या अडथळ्यात एका तरुणाचा बुडून मृत्यू झाला. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हा चौघींचे ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या केल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. बँकेतलीचं बीपी त्यातच सापडलं. गोळी सुरू झाली, आणि ती तीन आठवडे नुसती चालत राहिली. शर्यतीचं काहीही झालं असतं तरी पैसे तेव्हाच वसूल झाले होते.

* * *

भिंतीचं शिक्षण नोव्हेंबरात झालं. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी कुंपणभिंत आहे. सुभेदारांनी आमच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कामं वाटली. "दांडग्या हायत त्या खाली ऱ्हातील. चपळ हाय ती आधी वर. आन् शेवटी कोन, ते आधी ठरवा. समदी जनं तिथंच चुकत्यात."

खरंच, भिंतीचं सगळं कोडं शेवटच्या माणसात आहे. पहिल्यांना खालून आधार मिळतो. शेवटच्याला खाली कुणी नसतं. त्यानं धावत यायचं, एक पाय भिंतीला मारायचा, त्याच झेपेत हात वर करायचे, आणि वरच्या दोघींनी मनगटं पकडायची. तळव्याला तळवा नाही. घामानं आणि चिखलानं सुटतो. मनगटाला मनगट. आमच्यात मी सगळ्यांत उंच, म्हणून शेवटची मी.

डिसेंबरात, शर्यतीच्या दिवशी, पहिले तीन किलोमीटर बरे गेले. तारांखालून सरपटताना शिक्षिकेचा पंजाबी ड्रेस अडकून फाटला. तिनं हट्टानं तोच घातला होता. दोरावर चौघींपैकी फक्त बँकेतली चढली. आम्ही तिघींनी शिक्षेच्या बर्पी मारल्या, त्याही मोजताना एकमेकींना फसवत. मग ती भिंत आली, ८ फुटी, वरून खालपर्यंत चिखलानं गुळगुळीत.

बँकेतली गेली. शिक्षिका गेली. डॉक्टरीणबाईंना मी खांद्यावर घेतलं. माझ्या खांद्यावर त्यांचे दोन्ही पाय होते, मांड्या थरथरत होत्या, पण मी उभी राहिले. वजन ६८ किलो. वर जाताना त्या ओरडल्या, "अगं, आईपेक्षा सोळा किलो जास्त!"

मग मी. पहिल्या झेपेत बोटं भिंतीच्या कडेला लागली आणि घसरले. दुसऱ्या झेपेत एक मनगट सापडलं, दुसरं सुटलं. पुन्हा खाली. श्वास पुरेना. मागून एक पोरगा आला, विशी-बाविशीतला, अंगात कुठल्याशा कंपनीचा टी-शर्ट. तो थांबला, गुडघा टेकून बसला आणि म्हणाला, "काकू, मांडीवर पाय द्या." दुसऱ्या एखाद्या दिवशी त्या 'काकू'चा मला राग आला असता. मी पाय दिला. वरून चार हातांनी माझी मनगटं धरली. मी भिंतीवर पोटावर आडवी पडले आणि हसू की रडू ते कळेना. तो पोरगा आमच्या शेजारून एकटाच, एका झेपेत, वर येऊन पलीकडे उडी मारून निघूनही गेला. त्याला आमची गरज नव्हती. आम्हाला त्याची होती, आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही.

आमचा नंबर शेवटून मोजणं सोपं होतं. मेडल मात्र सगळ्यांना सारखंच.

* * *

फेब्रुवारीत आई पुन्हा पडली. या वेळी रात्री, पलंगावरून उतरताना. दिवा लावला तर ती खाली बसलेली, आणि पहिलं वाक्य, "वॉचमनला नको बोलावूस."

मी घाई केली नाही. डॉक्टर मैत्रिणीनं शिकवलं होतं, की आधी कुठे दुखतंय ते विचारायचं, हातपाय हलवून बघायचे, आणि दुखत असेल तर अजिबात उचलायचं नाही. काही दुखत नव्हतं. मग तिला आधी कुशीवर वळवलं. मग हात आणि गुडघे टेकून चौपायी. एबेरच्या यादीतला चौथा गट. मग समोर खुर्ची ठेवली, तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले, त्यातल्या त्यात बरा पाय पुढे घेतला. मी मागून, कंबर न वाकवता, गुडघ्यांत बसून तिच्या कमरेभोवती हात घातले आणि मांड्यांच्या जोरावर उठले. ती माझ्याबरोबर उठली.

पलंगावर बसल्यावर तिनं पदर सारखा केला. माझ्या दंडाला बोटांनी दाबून पाहिलं, भाजीवाल्याकडे दुधी दाबून बघतात तसं.

"कडक झालाय," म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, "मला पण शिकव ना ते लोंबकळायचं. फांदीला नको, दाराच्या कडीला चालेल?"

दाराच्या कडीला चालत नाही. आता ती रोज सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून खुर्चीतून दहा वेळा उठते आणि बसते. ८व्या वेळी थांबते, माझ्याकडे बघते, आणि उरलेल्या दोन करते.